आपणास कळविण्यात येते की

साखरेच्या डब्याखाली एक कागद होता. डब्याने वरच्या दोन ओळी झाकल्या होत्या, म्हणून तिच्या नजरेस आधी पडली ती तिसरी ओळ: ‘घर विकण्याचे ठरले असल्याने आपण या महिन्याच्या अखेरीस घर मोकळे करावे.’ सकाळचे साडेसहा वाजले होते, गॅसवर चहाचं आधण होतं, डोळ्यांवरची झोप पुरती उतरली नव्हती, आणि ती ओळ वाचून तिला, खोटं कशाला सांगा, आनंद झाला. घर विकायचं आहे, तेव्हा आपण निघायचं आहे. आपण म्हणजे घरमालकीण मावशी आणि ती. कुठे जायचं ते ठरलं नसेल अजून, ठरलं की मावशी सांगतीलच. पाण्याला उकळी फुटेपर्यंत तिने मनातल्या मनात अर्धं स्वयंपाकघर बांधून टाकलं. मोठं पातेलं घ्यायचं. तडा गेलेली बरणी टाकायची. मावशींचा जीव आहे तिच्यावर, पण गोडीगुलाबीने समजावता येईल. बाल्कनीतल्या कुंड्या टेम्पोत शेवटी चढवायच्या, म्हणजे पहिल्या उतरवता येतील. नव्या जागेत मावशींची खोली बाथरूमच्या जवळची हवी, आपल्याला कुठलीही चालेल. मग साखर घ्यायला तिने डबा उचलला, आणि वरची ओळ उघडी पडली: ‘आपणास कळविण्यात येते की’.

चहा उतू गेला. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं पिळून वाळत टाकलं आणि तो कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. टाइप केलेला होता, समास सोडलेला, खाली मावशींची सही आणि तारीख. तारीख कालची. काल संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा मावशींच्या खोलीतून टाइपरायटरची टकटक ऐकू येत होती, आणि दाराच्या आत चपला काढताकाढताच तिला बरं वाटलं होतं. घरात कुणीतरी आहे, काहीतरी करत बसलंय, आपण आल्याचं त्याला कळलंय आणि तरी त्याने हातातलं काम थांबवलेलं नाही; घर म्हणतात ते याहून काय वेगळं असतं, असंसुद्धा तिच्या मनात येऊन गेलं होतं. तेव्हा मावशी तिलाच घराबाहेर काढायचं पत्र टाइप करत होत्या. आता ते आठवून तिला लाज वाटली, पत्राची नव्हे, त्या बरं वाटण्याची. आणि त्याहून जास्त लाज वाटली ती त्या मनातल्या मनात बांधलेल्या पातेल्याची.

‘वाचलंस का गं?’ मावशी तोंड पुसत आत आल्या. दात काढून ठेवलेले असल्यामुळे त्यांचे गाल आत गेले होते.

‘हो.’

‘लेखी असलेलं बरं. तोंडी सांगितलं की माणसं ऐकलंच नाही म्हणतात.’

‘मावशी, यात तुम्ही मला आपण म्हटलंय.’

‘मग काय तू लिहू? पत्र आहे ते.’ मावशींनी खुर्ची ओढली. ‘बत्तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलंय मी. जन्मठेप झालेल्यालासुद्धा आपण म्हटलंय. साखर कमी घाल आज.’

मग त्यांनी बाकीचं सांगितलं, जसं काही भाजीचा भाव सांगावा तसं. लेक मागे लागली आहे. एजंटाने गिऱ्हाईक आणलंय, बरं आहे. लेकीने मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. आता अडलंय ते फक्त दातांवर. जुनी कवळी सैल झालीय, बोलताना खाली येते, चारचौघांत फजिती होते. नवी झाल्याशिवाय त्या हलणार नाहीत. ‘तिकडे कुठे नवा डॉक्टर शोधत बसू? आणि तुझ्या हातासारखा हात मिळायचा नाही. दात बसले की निघालेच मी. तेवढं लवकर दे हं.’ तुझ्या हातासारखा हात, या शब्दांनी तिला पुन्हा बरं वाटलं. इतकं होऊनही बरं वाटतंय म्हटल्यावर तिला स्वतःचा असा राग आला की तिने मावशींच्या चहात नेहमीएवढीच साखर घातली.

ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, त्यांचे प्लास्टरचे साचे व्हायचे, साच्यावर मेणाची हिरडी, मेणात एकेक दात, मग मेण जाऊन त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक, मग घासणं आणि पॉलिश. बिल्डिंगमध्ये तिला कवळीवाली म्हणत, तोंडावर नाही, पण जिना काही बहिरा नसतो. तीन वर्षांपूर्वी ती या शहरात आली, आणि मावशींकडे येण्याआधी तिच्या तीन खोल्या बदलून झाल्या होत्या. पहिल्या खोलीला खिडकी होती पण ती दुसऱ्याच्या न्हाणीघरात उघडायची. दुसरीत आणखी दोघी होत्या, त्यांनी फ्रिजमधल्या प्रत्येक अंड्यावर पेनाने आपापली खूण केलेली असायची. तिसरीत मालकाचा भाऊ विनाकारण दारात उभा राहायचा. म्हणून चौथ्या खेपेला मावशींनी दार उघडून ‘चपला आत काढ, बाहेर चोरीला जातात’ म्हटलं तेव्हा तिला रडूच आलं. तसं त्यात काही नव्हतं. पण आपल्या चपला चोरीला जाऊ नयेत असं या शहरात कुणाला तरी वाटतंय, एवढ्यानेच तिला भरून आलं. माणूस इतका भुकेला असला की त्याला काय वाढलंय तेही तो बघत नाही.

आणि मग ते वाक्य. राहायला आल्याला तीन-चार महिने झाले असतील. ती मटार सोलत बसली होती, मावशी फोनवर लेकीशी हुज्जत घालत होत्या. फोन आपटून त्या समोर येऊन बसल्या, चार शेंगा हातात घेतल्या, आणि म्हणाल्या, ‘आपण नाही बाई कुठे जायचं. आपण आपल्या घरात बरे.’ बस्स, एवढंच. तिच्या अंगठ्याखाली शेंग फुटून दाणे टेबलभर झाले, ती ते गोळा करत बसली, कारण वर बघितलं असतं तर मावशींना तिचे डोळे दिसले असते. आपण नाही कुठे जायचं. तिचे वडील वारल्यानंतर तिला या आपणमध्ये कुणी घेतलं नव्हतं. त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. गावाकडच्या घरातली तिची खोली बंदच असते, पोरांना अभ्यासाला जागा नाही, तर देऊ का, तुझं सामान माळ्यावर टाकू का. एरवी ती म्हणाली असती, असू दे की रे, मी येते अधूनमधून. त्या दिवशी ती म्हणाली, ‘दे. खुशाल दे. माझं घर आहे इथे.’ भाऊ ‘बरं’ एवढंच म्हणाला होता. तिला वाटलं होतं त्याला वाईट वाटलं. ती मात्र फोन ठेवून गुणगुणत होती.

पत्र मिळालं त्या दिवशी कामावर तिचं लक्ष नव्हतं. त्यांची कामाची जागा एका दवाखान्याच्या मागे, तळघरात होती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ओळीने जबडे, प्रत्येकाच्या बुडाशी नंबर. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं तिला आतून पाठ होती, रस्त्यात मात्र त्यांतल्या एकाशीही तिची ओळख नव्हती. शेजारच्या टेबलावर प्लास्टर ओतणारा बसायचा. भुवयांपासून चपलांपर्यंत कायम पांढरा, म्हणून सगळे त्याला खडू म्हणत, आणि त्यालाही ते आवडायचं. तिने त्याला पत्राचं सांगितलं. तसं ती कुणाला काही सांगत नसे, पण आज कुणाला तरी सांगितल्याशिवाय हात चालेना.

‘आपण असतो तर हललो नसतो,’ खडू वाटीतलं प्लास्टर घोटत म्हणाला. ‘आपल्याला कुणी कागद दाखवला ना, आपण तो फाडून हातात देतो. आपण तसे गरीब, पण डोकं फिरलं की आपण कुणाच्या बापाला ऐकत नाही.’

ती हसली आणि मध्येच थांबली. गेली तीन वर्षं ती हे ऐकत होती. आपण पाचनंतर चहा घेत नाही. आपल्याला गोड चालत नाही. आपण सरळ माणूस. खडूच्या आपणमध्ये खडूशिवाय कुणी नसायचं, आणि त्यात आपल्यालाही धरलंय असं तिला एकदाही, चुकूनसुद्धा वाटलं नव्हतं. हातातली सुरी तिने खाली ठेवली. आपण नाही बाई कुठे जायचं. आपण आपल्या घरात बरे. मावशी त्या दिवशी समोर बसून स्वतःशीच बोलत होत्या. मटार सोलणारी मधे होती एवढंच. तिच्या जागी मांजर असतं तरी त्या हेच म्हणाल्या असत्या, आणि मांजराला काही गैरसमज झाला नसता.

दुपारी तिने भावाला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, पण तोंडात शब्द तयार होते: महिनाअखेर येईन म्हणते, थोडे दिवस. भावजयीने उचलला. ‘अय्या, वन्सं! किती दिवसांनी! अहो, तुम्हाला फोटो पाठवायचे राहिलेच. तुमच्या खोलीची भिंत पाडली की हो आम्ही. हॉल इतका प्रशस्त झालाय, येणारे म्हणतात घर ओळखूच येत नाही. या ना एकदा बघायला.’ मागे पोरांचा गलका चालला होता, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये तो घुमत होता. मग भाऊ आला. ‘काय गं? सगळं बरंय ना?’ ती म्हणाली, ‘बरंय रे. सहज केला.’ आणि खरोखरच सहज केल्यासारखी तिने पावसापाण्याची चौकशी केली, पोरांच्या परीक्षांची केली, आणि जिना उतरून पुन्हा तळघरात आली.

टेबलावर मावशींची खालची कवळी होती, घासून झालेली, पॉलिश व्हायची. तिने ती हातात घेतली. काम सुरेख झालं होतं. मावशींच्या समोरच्या दातांत पूर्वी बारीकशी फट होती, तरुणपणच्या फोटोत दिसायची, ती तिने मुद्दाम तशीच ठेवली होती. असलं कुणी करत नाही, त्यासाठी माणसावर माया लागते. ती बराच वेळ त्या फटीकडे बघत बसली. मग तिने कवळी उलटी केली, आणि आतल्या अंगाला, डाव्या बाजूला, जिथे ती हिरडीवर टेकते तिथे, ब्रशच्या टोकाने ॲक्रिलिकचा एक थेंब ठेवला. थेंब वाळून मोहरीच्या निम्म्याएवढी कणी झाली. डोळ्याला दिसायची नाही. तोंडाला दिसणार होती. लोकांचा एकमेकांवर दात असतो म्हणतात. हिने तो सरळ बनवून दिला.

खडू जाताजाता थांबला. त्याला कुठल्याही तुकड्यावरून बोट फिरवायची खोड होती. ‘ही कणी राहिली गं.’

‘माहितीय.’

‘मग काढ.’

‘काढते नंतर.’

खडूने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग कवळीकडे बघितलं, आणि ती जागच्या जागी ठेवली. ‘आपण काय बोलणार बुवा,’ म्हणून तो हात धुवायला गेला.

मावशींनी आरशासमोर बसून कवळी घातली तेव्हा आधी त्यांचा चेहराच बदलला. गाल भरले, ओठ जागेवर आले, पंधरा वर्षं उतरली. फट बघून त्या लाजल्यासारख्या झाल्या. ‘अगं, हे कुठून काढलंस?’ म्हणाल्या, आणि मग तोंड मिटल्यावर कपाळाला आठी पडली. ‘इथे दुखतंय गं. डावीकडे.’ ती म्हणाली, ‘नवी आहे, मावशी. थोडं दुखणारच. सवय व्हावी लागते.’ हे ती हजार लोकांना सांगत आली होती आणि दर वेळी ते खरं असायचं. हिरडीला पहिल्यांदा सगळंच परकं लागतं. आठ-दहा दिवस गेले की तिला कवळी आपलीच वाटायला लागते, मग काढून ठेवली की चुकल्याचुकल्यासारखं होतं. फक्त कणी असली तर तसं कधीच होत नाही.

तिसऱ्या दिवशी मावशींना चावेना. तिने कवळी कामावर नेली, बाहेरून चकचकीत केली आणि संध्याकाळी परत आणली. दोन दिवसांनी पुन्हा नेली, पुन्हा आणली. मावशी म्हणाल्या आता जरा बरं वाटतंय, आणि रात्रीच्या जेवणाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाअखेर आली आणि गेली. साखरेच्या डब्याखालच्या पत्राचं कुणी नाव काढलं नाही. लेकीचे फोन येत, मावशी म्हणत, ‘अगं, दातांचं अजून जमत नाहीये. आणखी आठ दिवस. दात नसताना तुझ्या घरी येऊन काय तोंड दाखवू?’ आणि आत स्वयंपाकघरात कवळीवाली उकडलेले बटाटे कुस्करत असे, गाजरं शिजवून गाळत असे, दुधात पाव भिजत घालत असे. तिने मऊ खाण्याचे इतके प्रकार कधी केले नव्हते. ती कामावरून लवकर निघायला लागली. येताना तिला पायऱ्या जड जात नसत. सुट्टीच्या दुपारी ती मावशींना खिडकीशी बसवायची, तोंड उघडायला लावायची, बॅटरीने बघायची: डाव्या बाजूला कडा पांढऱ्या झालेली, मसुरीएवढी जखम, आणि ती रोज किंचित वाढत होती. मग बोटावर मलम घेऊन ती त्या जखमेवर हळूहळू फिरवायची, आणि मावशी डोळे मिटून तिचं मनगट धरून ठेवायच्या. कुणी तिचं मनगट असं धरल्याला किती वर्षं झाली होती ते तिला आठवेना.

हे ती समजून उमजून करत होती. कुणी विचारलं असतं तर तिने नाही म्हटलं नसतं. शुक्रवारी कणी काढायची असं ती ठरवायची, आणि शुक्रवार आला की पुढचा शुक्रवार काही लांब नाही असं तिला वाटायचं. तिला मावशींची दया यायची, खरी दया. आणि दया येतेय म्हणजे आपण वाईट नाही असं वाटून ती शांत झोपायची. या शहरात आल्यापासून तिला इतकी गाढ झोप कधी लागली नव्हती. शिवाय मावशी आता वेगळं बोलत होत्या. ‘आज आपण लवकर जेवून घेऊ या का गं?’ ‘पडदे मळलेत, रविवारी आपण धुवायला काढू या.’ तिने एकदा ठेच खाल्ली होती, म्हणून आता ती प्रत्येक आपण उलटासुलटा करून, तळघरात साच्यावर कवळी बसवून बघावी तसा बघायची. जेवून घेऊ या. एकट्या माणसाला ‘घेऊ या’ म्हणता येत नाही. पडदे दोघींनी मिळून धुतले, पिळताना मावशींना दम लागला, त्या तशाच न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसल्या आणि तिच्या खांद्याला टेकल्या. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. पट्ट्याला तिनेच सुरीने नवीन भोक पाडून दिलं होतं, आधीची सगळी संपली होती. खांद्यावर वजन असं नव्हतंच. ती हलली नाही. पाणी पायांखालून वाहत होतं, आणि तिच्या मनात आलं की हे असंच राहिलं पाहिजे, एवढंच मला पाहिजे, आणि त्यासाठी ही अशीच आणखी थोडी खंगली तरी चालेल. हा विचार तिच्याच डोक्यात आला होता. तिने तो ओळखला आणि राहू दिला.

गिऱ्हाईक थांबून थांबून कंटाळलं. लेकीने कळवलं की रविवारी दुपारी ती स्वतः येतेय आणि दात असोत की नसोत, आईला घेऊन जातेय. रविवारी सकाळी मावशी नेहमीपेक्षा लवकर उठल्या, आंघोळ केली, बॅग दारात आणून ठेवली, आणि स्वयंपाकघरात येऊन टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. त्यावर खालची कवळी ठेवली. उलटी.

‘घे तुझी कानस,’ त्या म्हणाल्या. दात नसल्याने शब्द ओले येत होते. ‘ती कणी काढ आता.’

तिने कवळी हातात घेतली नाही. ‘कुठली कणी, मावशी?’

‘अगं, पुरे. बत्तीस वर्षं मी लोकांच्या चुका शोधल्यात. माणसाची चूक असली की ती जागा बदलते. आज इथे, उद्या तिथे. रोज त्याच जागी येते ती चूक नसते.’ मावशींनी बोटाने हिरडी दाखवली. ‘पहिल्या आठवड्यातच कळलं मला. जीभ लावून बघितली. काय गं, मोहरीएवढी असेल ना?’

‘निम्मी,’ ती म्हणाली. एवढाच शब्द तिला फुटला, आणि तोही कारागिराचा.

‘असेल. तोंडात मोठी लागते.’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत? दीड महिना…’

‘कशाला बोलू? मला तरी कुठे जायचं होतं लेकीकडे? तिथे मागची खोली, संध्याकाळी साडेसातला जेवण, आणि जावई माझ्याशी मोठ्याने बोलतो, मी बहिरी असल्यासारखा. म्हटलं, बरं झालं, निमित्त मिळालं. आणि तू करत होतीस की सगळं. मऊ मऊ खायला, वेळेवर मलम. पोटची लेक करणार नाही इतकं.’ मावशी हे कौतुकानेच म्हणत होत्या. ‘पण आता चक्कर येते गं मला. कालपरवा न्हाणीघरात पडता पडता वाचले. मरायचं नाहीये मला एवढ्यात. म्हणून म्हटलं, आता पुरे.’

तिला काय झालं कोण जाणे. चोरी पकडली गेलेल्या माणसाने पाय धरावेत, नाहीतर पळावं. ती खुर्चीत पुढे सरकली, तिने मावशींचे दोन्ही हात धरले, आणि लहान मुलाने दाताच्या कण्या कराव्यात तशी बोलत सुटली. ‘मग नका ना जाऊ. मावशी, नका जाऊ. मी आत्ता नीट करून देते, पाच मिनिटांचं काम आहे. तुम्हालाही जायचं नाही, मलाही जायचं नाही. लेकीला सांगू, गिऱ्हाइकाला नाही म्हणू. काय बिघडतं? आपण राहू इथेच. आपण दोघी राहू.’

मावशींनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तिने नीट शोधला. नवल होतं. बत्तीस वर्षं टाइप करून पाठ झालेल्या मजकुरात एखादा नको तो शब्द दिसावा आणि तो आला कुठून ते कळू नये, तसं नवल.

‘कोण आपण?’ त्या म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. तिने मावशींचे हात सोडले.

‘माझा राग नाही हो तुझ्यावर,’ मावशी म्हणाल्या. ‘उगीच रडू नकोस. राग धरायला माणूस घरचं लागतं. घे, कर लवकर, ती येईल एवढ्यात.’

तिने कानस आणली. वर्तमानपत्रावर गुलाबी भुकटी पडली, चिमूटभर. दीड महिना जे झालं नाही ते पाच मिनिटांत झालं, कारण तिचा हात खरोखरच चांगला होता, आणि तिने ठरवलं असतं तरी त्या क्षणी तिला वाईट काम करता आलं नसतं. तिने आतून बोट फिरवलं, पॉलिश केलं, पाण्याने धुतलं. मावशींनी कवळी बसवली, दात दातांवर दोनदा टेकवले, डब्यातला कडक टोस्ट घेतला आणि चावला. कडाकड आवाज झाला. जखमेच्या बाजूने त्या जपून होत्या, पण चावत होत्या, आणि चावताचावता त्यांचे डोळे मिटले. असं तृप्त तोंड तिने दीड महिन्यात बघितलं नव्हतं. ‘छान बसली,’ मावशी म्हणाल्या आणि दुसरा टोस्ट घेतला.

लेक आली तेव्हा घाईत होती, खाली गाडी उभी होती. आईची मनगटं तिने उलटसुलट करून बघितली, मग आईचे दात बघून खूश झाली. ‘तुम्ही फारच केलंत आईचं,’ ती कवळीवालीला म्हणाली. ‘फोनवर सारखी सांगायची, पगारी नर्ससुद्धा इतकं करायची नाही.’ मग पर्समधून एक कार्ड काढून तिने टेबलावर ठेवलं. काही लागलं तर एजंटाला विचारायचं, तो सांगेल तोवर राहायला हरकत नाही, फार तर आठवडा. मावशींनी जिन्याचा कठडा धरला. पहिल्या वळणावर त्या थांबल्या आणि वर बघून हसल्या, त्या फटीसकट, तरुणपणच्या फोटोतल्यासारख्या. ‘कुंड्यांना पाणी घाल हं जाईपर्यंत,’ म्हणाल्या. त्या खाली गेल्या. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

तिने वर्तमानपत्राची घडी घातली, भुकटी न सांडता, आणि केरात टाकली. दोघींच्या बश्या धुतल्या. मावशींच्या खोलीत जाऊन ती उघड्या कपाटासमोर उभी राहिली. कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि दोन हँगर. एवढं सगळं घर आता तिचं एकटीचं होतं, एका आठवड्यासाठी. तिला वाटलं होतं आता मोठ्याने रडू येईल. पण रडूसुद्धा ऐकायला कुणी असलं तरच येतं बहुतेक. ती आपल्या खोलीत आली, परत स्वयंपाकघरात गेली, परत आली. कुठल्याच खुर्चीत तिला बसवेना.

चार वाजता बेल वाजली. ती जवळजवळ धावतच गेली. दारात एक रंगारी उभा होता, हातात मोजायची टेप, कानावर पेन्सिल. नव्या मालकांनी भिंतींची मापं घ्यायला पाठवलं होतं. त्याने तिच्याकडे बघितलं, तिच्या खांद्यावरून आत बघितलं, आणि आदबीने विचारलं, ‘घरचं कुणी आहे का?’

‘नाही,’ ती म्हणाली. ‘घरचं कुणी नाही.’

आणि तो आत यावा म्हणून ती बाजूला झाली.